मिस्त्रींची चिंधी

इस्माईल मिस्त्री गेले, हे मला कळमनुरीच्या बाजारात एका सरकीवाल्याकडून कळलं. वर तो म्हणाला, "तेच न्हव का, ग्रीस न लावता प्रेस चालवनारे?" मी त्याच्यावर असा उखडलो की आजूबाजूची माणसं थांबली. पण त्याचा काय दोष? वसमतच्या कारखान्यानं हेच पसरवलं, आणि ते पसरू देणाऱ्यांत मी होतो. महिना झाला, राग उतरत नाही.

कापसाच्या गाठी दाबणाऱ्या त्या प्रेसचे दोन उभे स्क्रू मिस्त्रींनी बारा वर्षं सांभाळले. मी तिथं स्टोअरचा मुन्शी. दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी ते मलमलीची पांढरी चिंधी स्क्रूच्या आट्यांतून फिरवून उन्हात धरायचे. ग्रीस नुसतं काळं असलं तर ठीक. त्यात पिवळी चमक दिसली तर पितळी नट झिजतोय. मग तेच ग्रीस चिमटीत चोळून, कण करकरतात का ते ऐकायला कानाशी न्यायचे. आम्ही हसायचो... "मिस्त्री, काय म्हणतंय ग्रीस?" "तुमच्यावाणी खोटं न्हाई बोलत," म्हणायचे.

लढाईच्या दिवसांत ग्रीस मिळेना. मॅनेजरसाहेबांनी हुकूम काढला: आट्यांतलं जुनं ग्रीस खरवडा, फडक्यातून गाळा, एरंडेल घालून परत लावा. काय हे शहाणपण! नटाचाच चुरा नटाला फासायचा. तिसऱ्या आठवड्यात मिस्त्रींनी चिंधी साहेबांच्या टेबलावर ठेवली. पिवळीजर्द. "साहेब, नट झिजून राहिला. प्रेस बंद ठेवा." साहेब मान न उचलता म्हणाले, "ही घाण उचल आधी." मिस्त्रींनी ती घडी करून खिशात ठेवली.

पंधरवड्यात नटाचे आटे सुटले, वरचा पाट आदळला आणि मिस्त्रींचा उजवा हात गेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायकोनं ती चिंधी माझ्याकडे आणून दिली. "मुन्शीजी, पंचायला दाखवा म्हनले. तुमचं ऐकतील." चौकशीत उभा राहिलो तेव्हा चिंधी माझ्या कोटाच्या खिशात होती. पंचांसमोर साहेबांनी मला विचारलं, "यांना दर आठवड्याला ग्रीस दिलं होतं?" मी म्हणालो, "हो, दिलं होतं." कसलं, ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ग्रीस असून लावलं नाही, असा ठपका मिस्त्रींवर बसला. नोकरीला घाबरलो, दुसरं काही नाही. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं...

पुढं ते औंढ्याला डाव्या हातानं स्टोव्ह दुरुस्त करायचे. मी एकदा गेलो, तर चहा पाजला. "तकलीफ न्हाई कायी," म्हणाले. चिंधीचं नावही काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या भलेपणाचाही मला राग येतो. आणि आता कारखान्यात शोकसभा झाली म्हणे. निष्काळजीपणा सोडला तर गुणी कारागीर, असं साहेब बोलले.

चिंधी माझ्या ट्रंकेत आहे. काल काढून उन्हात धरली. ग्रीस वाळून त्याची खपली झालीय, पितळ तसंच चमकतं. पंचांसाठी उशीर झाला, मिस्त्रींसाठीही झाला... येत्या बाजाराला ती त्या सरकीवाल्याला नेऊन दाखवणार आहे.