आईचा पहिला ठसका

मिरचीची फोडणी पडली, की मला लोहगडवाडीतली आमची टपरी आठवते. तिथं फोडणीच्या वासानं खोकला आला की आईचं आतडं खालून, शौचाच्या वाटेनं, बाहेर यायचं. लाजेपायी तिनं ते कैक वर्षं लपवलं. शेवटी दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "खालून ऑपरेशन सोपं, पण परत घसरायची भीती जास्त. पोटातून दुर्बिणीनं वर ओढून पक्कं टाचता येईल." आई म्हणाली, "पोटातनंच करा. मला गडावर ताक विकायला न्यायचंय." ती बरी होऊन टपरीत परतली आणि पहिल्याच फोडणीला तिला असा ठसका लागला, की वडील आणि मी जागीच थिजलो. ठसका थांबताच ती टाळ्या पिटत ओरडली, "न्हाई आलं! जाग्यावरच हाय!" वडिलांनी सगळ्या गिऱ्हाइकांना फुकट भजी वाटली, खुशी कसली, ते काही सांगता येईना. आज माझ्या घरात ठसका उठला की सगळे खिडक्या उघडायला धावतात, मी मात्र हसत सुटते.