‘महान दया होगी’ टाइप न करणारे नाना

नाना आज सकाळी गेले. आणि मला सगळ्यात आधी आठवलं ते आमचं भांडण.

गेलेल्या माणसाबद्दल असं सुरू करत नाहीत, माहीत आहे. पण नाना काही गोड बोलून लक्षात राहणारे नव्हतेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झाँसीत कचहरीबाहेर पत्र्याखाली एक टाइपरायटर, एक टेबल, दोन खुर्च्या. एक नानांची, एक अर्ज घेऊन येणाऱ्याची.

मराठी घरातले, म्हणून नाना. पण हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. त्यामुळे अर्ध्या जिल्ह्याचे आजोबा ते बसल्या जागी झाले.

खेड्यातला माणूस आला की सवयीने जमिनीवर बसायचा.

नाना म्हणायचे, “ऊपर बैठो. नीचेवाले का मेरी मशीन पर टाइप नहीं होता।”

आणि दुसरा नियम. आमच्याकडे अर्जाची शेवटची ओळ ठरलेली. रेशन कार्ड असो, पेन्शन असो, शेवटी ‘श्रीमान जी की महान दया होगी’. ही ओळ नाना टाइप करत नसत.

“नाना जी, साहब बुरा मान जाएँगे,” अर्ज घेऊन आलेला म्हणायचा.

“मानने दो। पेंशन अपने घर से देता है क्या?”

आईने मला त्यांच्याकडे टाइपिंग शिकायला पाठवलं होतं. बीए दोनदा सोडून झालं होतं, काहीतरी तर यायला हवं. तीन आठवड्यांत मी पळाले. ओरछ्याला नदीकाठी एका खडकावर बसून असायचे, तिथे एक कुत्रं होतं... जाऊ दे, कुत्र्याचं नंतर कधी.

पळाले तरी नाना चहा पाजायचे. “आलीस? अजून पृथ्वी संपली नाही का फिरून?”

मागच्या वर्षी मी मऊरानीपुरहून बसने येत होते. बरुआसागरला रामकली नावाची एक बाई चढली. आल्याची टोपली थेट माझ्या बॅगेवर. आधी त्यावरून वाजलं, मग गप्पा सुरू.

तिच्या गावात एक सरकारी हँडपंप. शेजारच्या मोठ्या घरवाल्याने आपली भिंत वाढवली आणि पंप आत घेतला. आता तिच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी फाटकाशी उभं राहायचं, हात जोडायचे, त्याची मर्जी असेल तर घागर भरायची. मर्जी नसेल तर शेतापलीकडची विहीर. तिची मुलगी पाणी आणून शाळेत पोचायची तेव्हा दोन तास होऊन गेलेले असायचे.

माझं डोकं सटकलं. स्टँडवरून तिला ओढतच नानांकडे नेलं.

नानांनी सगळं ऐकलं, टाइप केलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. पंप सरकारी आहे, सगळ्यांचा आहे, भिंत हटवून पाणी खुलं करावं. बस.

रामकली म्हणाली, “इमें दया वाली बात नइयाँ?”

“नहीं है,” मी म्हटलं. “हक है तुम्हारा!”

“बिटिया, तुम तो झाँसी में रात। हमें उतईं रने है।”

तुम्ही झाँसीत राहता, आम्हाला तिथेच राहायचं आहे.

मी नानांकडे बघितलं. वाटलं, आता हे तिला लेक्चर देतील. नानांनी चष्मा पुसला, नवा कागद चढवला आणि टाइप केलं. आधी सगळं तेच, आणि शेवटी ‘महान दया होगी’.

माझ्या डोळ्यांसमोर.

तिच्यादेखतच मी भांडले. मराठीत, म्हणजे तिला कळू नये म्हणून. “इतकी वर्षं साहेबांना घाबरला नाहीत, आणि आज?”

“अर्ज कोणाचा?”

“तिचा. पण...”

“मार खायची पाळी आली तर कोण खाणार?”

मी रामकलीकडे बघितलं.

“तिचा शब्द मी खोडला तर त्या भिंतवाल्यात आणि माझ्यात फरक काय गं? तो पाण्यावर बसलाय, मी तिच्या तोंडावर बसू?”

मग दोन्ही कागद तिच्या हातात दिले. म्हणाले, “घर जाओ. सब जनीं बैठो। जो ठीक लगे, वो लाना।”

मी दोन दिवस नानांशी बोलले नाही. मला तेव्हा समता, स्वातंत्र्य वगैरे सगळं येत होतं ना. पोस्टरं रंगवली होती मी.

आठव्या दिवशी रामकली आली. एकच कागद. खाली नऊ अंगठे आणि दोन सह्या. एक सही तिच्या मुलीची.

दयेची ओळ नसलेला कागद होता तो.

“दूसरो काँ है?” नानांनी तिच्याच बोलीत विचारलं.

“चूल्हे में।”

नाना हसले. त्यांचे वरचे दोन दात नव्हते हे मला त्या दिवशी कळलं.

तहसीलची माणसं दोनदा येऊन नुसती बघून गेली. तिसऱ्यांदा भिंत फोडून वाट काढली. तिला दार नाही, कडी नाही. भिंतवाल्याने बरेच दिवस शिव्या घातल्या. पण अकराजणी एकत्रच जायच्या. आता एकेकटीही जातात.

आज रामकलीला मीच फोन केला. दुपारी ती आली, बरोबर सहाजणी. नानांना न्यायची तयारी चालली होती. त्या तिरडीमागे चालायला लागल्या, तसे नानांचे मेहुणे आडवे आले.

“औरतें घाट पर नहीं जातीं। किससे पूछ के आई हो?”

रामकलीने पदर खोचला.

“पूछी नइयाँ, भैया। बताबे आए हैं।”

विचारायला नाही, सांगायला आलोय.

मेहुणे बाजूला झाले. सातजणी घाटापर्यंत चालत गेल्या. आठवी मी.

नाना, शेवटचा नमस्कार. मनापासून श्रद्धांजली.