नवमीला बंद केलेलं मशीन

"आधी बंद करून पाहा, मग चालू करा" असं कोणी म्हटलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. टीव्ही अडकला, मोबाईल रुसला, की घरातला प्रत्येक शहाणा मला हेच सांगतो. अरे, मला सांगता? या बंद-चालूपायीच माझं आयुष्य आर्वीहून पुण्याला जाता जाता अमरावतीलाच उतरलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं आर्वीला कापडाचं दुकान. घरातली शिकलेली पहिली मुलगी मीच. वर्ध्याच्या बाहेर एका तंत्रनिकेतनात संगणकाच्या खोलीत मदतनीस म्हणून लागले होते. नालवाडीला मावशीकडे राहायची आणि सायकलवर जायची यायची. मशीन चांगलं लोखंडी कपाटाएवढं होतं. त्याला आठ टर्मिनल, म्हणजे पडदा-कळफलकाच्या आठ जोड्या, आणि खोली हादरवणारा एक प्रिंटर. त्या मशीनवर माझा जीव होता, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

त्या प्रिंटरकडून मराठी छापून घ्यायचं काम मी केलं होतं. कंपनीने दिलेला प्रिंटर इंग्रजीच जाणत होता. मी त्याच्यासाठी नवा ड्रायव्हर लिहिला, अक्षरांचे आकारही ठिपक्याठिपक्यांनी मीच काढले. सुरुवातीला मात्रा एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या ओळीत, अशी वरात निघायची. खोलीचे प्रमुख, आमचे सर, म्हणायचे, "तुझा प्रिंटर मराठी बोलतो खरा, पण बोबडं." मग हळूहळू तो शहाणा झाला.

बाबा एकदा बघायला आले तेव्हा ड्रायव्हर म्हणजे काय ते त्यांना कळेना. मी म्हटलं, "बाबा, बाजार समितीत शेतकरी अन् व्यापारी यांच्या मधात कोण असते?"

"अडत्या."

"हा तो अडत्या. मशीनचं म्हणणं प्रिंटरले सांगते, प्रिंटरचं मशीनले."

बाबांचा चेहरा एकदम खुलला. "मंग सांग्तलं काऊन नाई आधी! अडत्या चांगला पायजे बाप्पा, नाई तं माल पडून राह्यते."

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या कंपनीचे इंजिनिअर मशीन तपासायला आले, तेव्हा त्यांनी छापलेलं मराठी पाहिलं. त्यांच्यातले मोठे साहेब कागद उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, सरकारी कचेऱ्यांना हेच हवंय. पण आमच्या सिस्टिमचा गाभाच, म्हणजे कर्नेल, आता बदलतोय. आठही टर्मिनल एकदम वापरली की जुनं कर्नेल गारठायचं, म्हणून त्याला नवा पॅच येणार होता. "तुमचा ड्रायव्हर नव्या कर्नेलवर चालवून दाखवा. दसऱ्याला तुमच्या या खोलीचं रीतसर उद्घाटन आहे ना, तेव्हा आम्ही येऊच. चालला, तर तुम्ही पुण्याला आमच्याकडे."

आता घरची गोष्ट. माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्यांनी माझ्यासाठी अमरावतीचं स्थळ आणून ठेवलं होतं. कापडवालेच, भरल्या घरचे. मोठेबाबांसमोर बाबांनी कधी मान वर केली नव्हती. पण पुण्याचं ऐकलं आणि माझा भित्रा बाप पहिल्यांदा बोलला, "दसऱ्यालोक थांबा. पोरीचं ते यंत्र चाललं तं ते पुण्याले जाईन. नाई चाललं तं दसऱ्यालेच सुपारी फोडू, मुहूर्त पाहाचंबी काम नाई." दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. अमरावतीवालेही तयार झाले. बाबांनी मला हे सांगितलं. "म्या शब्द दिला बाई. आता तू पायजो."

पॅच टेपवर आला. ठिगळच ते. कापडवाल्याची पोर मी, ठिगळ कसं बसवतात ते मला ठाऊक होतं. एका बाजूनं ओढलं की दुसऱ्या बाजूनं फाटतं. पहिल्याच दिवशी टर्मिनल झकास चालली आणि प्रिंटर निम्म्या ओळी गिळायला लागला. ते दुरुस्त केलं, तर छपाई सुरू होताच मशीन जागच्या जागी थिजायचं. की पुन्हा बांधा कर्नेल, पुन्हा चढवा. पुण्याला विचारलं तर उंटावरून शेळ्या हाकणं सुरू. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण मी हटले नाही. घटस्थापनेपर्यंत आठही टर्मिनलवर पोरं बसवली, सगळ्यांना एकदम छापायला लावलं, आणि कागदावर मराठी धो धो उतरलं. सरांनी टाळी वाजवली. मी खोलीबाहेर जाऊन रडून घेतलं.

आमच्याकडे एक रीत होती. मशीन कधी बंद करायचं नाही. मागे एकदा उन्हाळ्यात बंद केलं होतं, ते पुण्याचा माणूस येईपर्यंत उठलंच नाही. तेव्हापासून सरांचा हुकूम होता, "चालतंय तोवर चालू द्या." वीज गेली तरी बॅटऱ्यांवर ते जागं असायचं. कर्नेल बदलायचं तरी वीज तोडायची नाही, चालत्या मशीनवरच जुनं उतरवून नवं चढवायचं. माझ्या सगळ्या चाचण्या अशाच झाल्या.

आणि आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेतली लेथ, ड्रिल, सगळी यंत्रं धुऊनपुसून बंद ठेवलेली. नाचणगावचे एक म्हातारे शिपाईकाका पूजेचं बघायचे. झेंडूची माळ घेऊन ते आमच्या खोलीत आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हे काऊन चालू हाय वं माय? साऱ्या यंत्रायले आराम, अन् यानं काय पाप केलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे. आतापर्यंत सगळं इतकं नीट चाललं होतं की नाही म्हणायला जीभ रेटेना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवाला कोण दुखावणार? सर म्हणाले, "करा बंद. उद्या पाहुण्यांसमोरच चालू करू, शोभेल."

काका मशीनवर कुंकू उधळायला निघाले तशी मी त्यांच्या अंगावर धावले. "काका, आत कुंकू गेलं तं सत्यानाश होईन!" आमचं चांगलंच वाजलं. शेवटी कपाटावर पाट ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं. कुंकवाचा कणही आत जाऊ दिला नाही मी. भ्यायची तर नको तिथे भ्याले. पंख्यांची घरघर थांबली, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या.

दसऱ्याला बाबा सकाळच्या एसटीने आले. धुतलेलं धोतर, टोपी, खिशात आपट्याची पानं. मोठेबाबा आर्वीला दुकानातल्या फोनपाशी बसले होते, अमरावतीची मंडळी शेजारी घेऊन. संस्थेचे अध्यक्ष आले, पुण्याचे साहेब आले, नारळ फुटला. मशीन चालू केलं, सुरू झालं. नवं कर्नेल चढलं. आठही टर्मिनल उजळली. मी छापायची आज्ञा दिली. आधीच ठरवून ठेवलेली ओळ होती, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

प्रिंटर हललाच नाही.

मी पुन्हा आज्ञा दिली. केबल पाहिली. कर्नेल पुन्हा चढवलं, तेच नवं. प्रिंटर ढिम्म. सगळ्यांच्या नजरा पाठीत रुतत होत्या आणि मला स्वतःच्याच बोटांची ओळख पटेना. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, कोणीतरी हसलं. मोठे साहेब भले माणूस. म्हणाले, "होतं असं. पुन्हा कधीतरी बघू." त्यांना गाडी गाठायची होती. बाकीचे जेवायला गेले.

बाबा दाराशी उभे होते. फक्त म्हणाले, "नाई चाललं नं?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? ते टोपी नीट करत ऑफिसकडे गेले.

खोलीत मी आणि सर उरलो. रागाच्या भरात मी नवं कर्नेल उतरवलं आणि जुनं चढवलं. जुन्यावर प्रिंटर पहिल्या झटक्यात खडखडला! म्हणजे प्रिंटर धड, केबल धड. पुन्हा नवं चढवलं, वीज न तोडता. नव्यावरही छापलं! सर चक्रावले. मला मात्र पायाखालून कोणी सतरंजी ओढावी तसं कळलं. प्रिंटरच्या कार्डाला, म्हणजे त्याला मशीनशी जोडणाऱ्या पट्टीला, चालू होताना एकदा उठवावं लागतं. जुन्या कर्नेलमध्ये ते उठवणं होतं. नव्यात ती ओळ माझ्याकडून आलीच नव्हती. आम्ही मशीन कधी बंदच केलं नाही, म्हणून जुन्यानं उठवलेलं कार्ड जागंच राहायचं आणि नवं आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं. नवमीला वीज तोडली, कार्ड निजलं, आणि दसऱ्याला त्याला उठवणारं कोणी नव्हतं.

एक ओळ. अवघी एक ओळ! ती लिहिली, कर्नेल बांधलं, आणि सरांनी स्वतः मशीनची वीज तोडली. देवाचं नाव घेऊन पुन्हा चालू केलं. प्रिंटर खडखडला. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मी नाचायचीच बाकी होते. सरांनी स्कूटरची किल्ली उचलली. "साहेब अजून स्टेशनवर असतील. मी घेऊनच येतो त्यांना!"

तेवढ्यात बाबा आले. त्यांना खडखडाट ऐकू आला होता. त्यांनी प्रिंटरमधून लोंबणारा कागद हातात घेतला आणि अक्षर न् अक्षर वाचलं.

"हे चालून राह्यलं?"

"हाव बाबा! सर स्टेशनवर चालले—"

बाबा स्टुलावर बसले. "म्या फोन केला वं."

"कोठी?"

"आर्वीले. दादाले सांग्तलं, नाई चाललं म्हून. तिकडे सुपारी फुटली. पेढे बी वाटले."

सरांनी किल्ली परत खिळ्याला अडकवली.

"मोडा मंग!" मी ओरडले. बापावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "पुन्हा लावा फोन, सांगा चाललं म्हून!"

"दसऱ्यालोक थांबा म्हणणारा मीच, अन् फोडा म्हणणारा बी मीच. आता कोणत्या तोंडानं सांगू? लोकं थुंकतीन बाई आपल्यावर. तुया धाकट्या बहिनीले कोन पाहीन?" हे बोलताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बाबांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच. त्यांनी खिशातून आपट्याची पानं काढली, ती चुरगळून गेली होती. मला देऊ की नको, असं करत शेवटी टेबलावर ठेवली.

शिपाईकाका दारातून बघत होते. "बैल गेला अन् झोपा केला," असं ते हळूच पुटपुटले. मग तेही पंच्याला डोळे पुसत निघून गेले.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. नवरा वाईट नव्हता, घरही वाईट नव्हतं. मी दुकानाचं बघितलं, मुलं वाढवली. मशीनला मी परत हात लावला नाही. सरांनी माझा ड्रायव्हर पुण्याला पाठवला, तो पुढे बऱ्याच कचेऱ्यांत चालला म्हणे. कुठल्याशा दाखल्यावर माझी ती अक्षरं दिसली, माझ्या वेलांटीचा जरासा मोठा बाक दिसला, की मी तो कागद उजेडात धरून बघायची. अजून बघते. मन भरून आलं नाही असा माझा एकही दसरा गेलेला नाही.

बाबा गेले त्याच्या आदल्या दसऱ्याला ते माझ्याकडे अमरावतीला होते. थकलेले, ऐकू कमी येत होतं. मी सोनं देऊन पाया पडले. त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडेचनात. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. तेव्हा ट्रंक कॉल म्हणजे काय असायचं ते त्या काळच्यांना ठाऊक आहे. वर्ध्याहून आर्वीचा नंबर सांगितला की माणूस जेवून, झोपून उठायचा, तरी लाइन लागायची नाही. अर्धा दिवस जायचा.

"बाई," बाबा म्हणाले, "एक गोष्ट मले अजून समजली नाई. त्या दिवशी आर्वीची लाइन एवढ्या लौकर कशी काय लागली वं?"

कर्नेल का अडतं, प्रिंटर का रुसतो, ते मी शोधून काढू शकत होते.

"माहीत नाई बाबा," मी म्हटलं.