देवाजीची गाठ

काल देवाजीच्या तिरडीसाठी सुंभ भिजवला आणि त्या ओल्या वासानं मला पन्नास वर्षं मागं नेलं.

तेव्हा आम्ही पुरात मदत करणारे स्वयंसेवक होतो. बालाघाटची आणि पलीकडच्या गावाची टोळी मिळून वैनगंगेच्या दरडीखालून जखमी माणूस दोरानं वर ओढायचा सराव करायची. अंगानं हलका म्हणून जखमी नेहमी देवाजीच. मी त्याला बांबूच्या स्ट्रेचरला बांधू लागलो की त्याची कटकट सुरू व्हायची.

"ढिलं बांध न गा, दम घुटून राह्यला."

"जखमी माणूस बोलत नाही. चूप राह्य," म्हणत मी गाठ आणखी आवळायचो.

काल हातांनी तीच गाठ मारली. आवळण्याआधी मी थांबलो.

"काका, आवळा न," त्याचा मुलगा म्हणाला.

मी आणखी थोडा वेळ थांबलो. देवाजी काहीच बोलला नाही.