डाळ निवडून होईपर्यंत

"ते कॉन्व्हेंटवाली काहून येऊन राहिली वं? तोंड तं उघडत नाही," एक बाई माझ्यामागे कुजबुजली.

"डाळ तं निवडते ना," खानावळवाली म्हणाली.

नंदनवन वस्तीतल्या तिच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जणी जमायचो. तिची खानावळ होती. आठवड्याची तूरडाळ ती प्रत्येकीच्या ताटात ओतायची, दाराची कडी दोनदा तपासायची आणि मगच बसायची. डाळ निवडून होईपर्यंत जिला जे बोलायचं ते तिनं बोलावं, खोलीबाहेर त्यातलं काही जात नसे. सगळ्यांचे डोळे ताटात असल्यामुळे बोलणारीकडे कोणी बघत नसे. नवऱ्याचा मार असो की गेलेलं मूल, ती एकाच सुरात म्हणायची, "हं, मंग?" मला त्या सुराची भीती वाटायची, आणि मी त्याची वाटही बघायचे.

त्या रविवारी माझे ओठ हलले असावेत. पण डाळ संपली होती, बायका पदर झटकून उठू लागल्या होत्या. तिनं वेचलेले सगळे खडे मुठीत घेतले, माझ्या ताटातल्या स्वच्छ डाळीत टाकले आणि वरून हात फिरवला.

"बसा वं. राहिली अजून."

बायका बसल्या. मी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"आई अंथरुणावर होती, तेव्हा रोज विचारायची, शाळेत काय झालं," मी म्हणाले.

"हं, मंग?"

"मी इंग्रजीत सांगायचे. शेवटपर्यंत. तिला कळू नये म्हणून."