भास्करचे शंभर वॅट

"तुमचा साठचा, भास्करचा शंभरचा. आता तुम्हीच सांगा," उत्सव मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

केळझरच्या माघातल्या उत्सवाचा लाऊडस्पीकर दरवर्षी माझाच असे. वर्ध्यातलं माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान त्या एका कामाच्या नावावर चाले. तिथे ज्याचे भोंगे ऐकले, त्यालाच लोक लग्नाला बोलवत. आणि हा भास्कर माझ्याच हाताखाली सोल्डरिंग शिकला, शेजारच्या पिपरीत दुकान थाटून बसला, आता नवा अॅम्प्लिफायर आणून माझ्याच पोटावर पाय देत होता.

खरं सांगतो, जळलो. न पाहिलेल्या त्या मशीनचं चकचकीत पॅनल डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी बायको वैतागली. "काऊन इतके जळून राह्यले? एकदा पाहून तं या."

गेलो. भास्करने मोठ्या कौतुकाने मशीन फिरवून दाखवलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शंभर वॅट, चार ओहमवर. माझ्या मशीनचे साठ होते आठ ओहमवर.

ओहम म्हणजे स्पीकरचा अडथळा. अडथळा कमी, तर करंट जास्त जातो आणि तेच मशीन जास्त वॅट देतं. केळझरला सोळा-सोळा ओहमचे दोन भोंगे लागत. पॅरलल जोडले की अडथळा निम्मा, झाले आठ. आठवर भास्करचं मशीनही साठच्याच आसपास देणार. म्हणजे मी बरोबरीच्या मशीनवर जळत होतो!

बापूसाहेबांना हे पटेना. मग देवळासमोर दोन्ही मशीनं आळीपाळीने त्याच भोंग्यांवर वाजवली. बापूसाहेब ऐकत ऐकत पार वेशीपर्यंत चालत गेले आणि परत आले.

"आवाज तं सारखाच हाये."

"मग?"

"मग शंभरचाच घेतो ना भाऊ. तेवढ्याच आवाजात शंभर भेटून राह्यले, तं साठ काऊन घेऊ?"

कपाळ माझं! काम भास्करला गेलं आणि मी वर्षभर धुमसत राहिलो.

माझ्या मशीनलाही चार ओहम चालत होते, आणि तिथे तेही शंभर देई. पुढच्या वर्षी पेंटर बोलावला. मशीनच्या पेटीवर ठळक रंगवलं, '१०० वॅट'. खाली बारीक, 'चार ओहमवर'. दोघांचेही शंभर म्हटल्यावर बापूसाहेबांनी जुन्या माणसालाच काम परत दिलं.

उत्सवात भास्कर आला. पेटी बघून त्याचा चेहरा पडला. "नवीन घेतला काय, उस्ताद?"

खाली वाकून त्याने वाचलं नाही. मीही वाच म्हटलं नाही.

वॅट विचाराल तेव्हा कोणत्या ओहमवर, तेही विचारा. निदान जळायच्या आधी तरी.