फुटपट्टीने गाळलेली ओळ

छापखान्यात त्याला सगळे फुटपट्टी म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. लोक खिशाला पेन लावतात, हा पोलादी पट्टी लावायचा. सव्वीस वर्षं पुस्तकांची पानं लावत होता. आधी हाताने कापून-चिकटवून, मग संगणकावर. पण पान छापून समोर आलं की पट्टी बाहेर निघालीच म्हणून समजा. समास दोन्हीकडे सारखा आहे ना, शेवटची ओळ तळाला नीट टेकली आहे ना. एखाद्या प्रकरणाची एकच ओळ उरून पुढच्या कोऱ्या पानावर जाऊन पडली, की या गृहस्थाला त्या दिवशी डबा गोड लागायचा नाही. मग तो जागा चिमटीत धरून कमी करायचा, आणि तरीही ओळ वर आली नाही तर लेखकाकडून चार शब्द कमी करून घ्यायचा. लेखकाला विचारून, बरं का. विचारल्याशिवाय त्याने कधी स्वल्पविरामही हलवला नव्हता.

छापखाना लहान. मालकीणबाई, फुटपट्टी, एक यंत्रवाला आणि बांधणीच्या दोघी. पुस्तकं सगळी आपल्याच मुलखाची: इथली झाडं-पाखरं, इथल्या डोंगरवाटा, इथले जुने बाजार आणि पूल. त्यातली निम्मी गुरुजींनी लिहिलेली. गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यावर खांद्याला झोळी अडकवून तीस वर्षं डोंगरात हिंडले, वस्त्या-वस्त्यांवर म्हाताऱ्या माणसांजवळ बसून लिहून घेत राहिले. निळी शाई, ठसठशीत अक्षर, आणि प्रत एकच. "दुसरी प्रत कशाला? तू आहेस की," असं फुटपट्टीला म्हणायचे. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि शब्दाशब्दावरून त्याच्याशी भांडायचे. त्या भांडणांची दोघांनाही चटक लागली होती.

त्यांचं शेवटचं पुस्तक रानात मिळणाऱ्या खाण्यावर होतं. कुठली पानं, कुठली फळं, कुठली मुळं, आणि ते कोणी सांगितलं. त्याची पानं लागत होती आणि गुरुजी गेले. सकाळी चहा पिता पिता गेले. मालकीणबाई रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "दोन आठवड्यांत पुस्तक बाहेर आलं पाहिजे. गुरुजींना तेवढं तरी आपण देणं लागतो."

आता काळ्या कंदाचं प्रकरण. डोंगराच्या पायथ्याला एका वस्तीवर एक आजी होती. तिला सगळे कंदआजी म्हणत, कारण जमिनीखालचं कुठलंही मूळ ती वरच्या वेलावरून ओळखायची. तिने गुरुजींना काळा कंद कसा करायचा ते सांगितलं होतं, आणि गुरुजींनी तिच्या शब्दांत लिहिलं होतं. प्रकरण पाच पानांचं आणि वर एक ओळ. सहाव्या पानावर, एकटी.

फुटपट्टीने जागा कमी केली. ओळ हलली नाही. अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान केलं, तरी नाही. विचारायचं कोणाला? शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याने प्रकरण पुन्हा वाचलं आणि कापण्यासारखं वाक्य शोधलं. सापडलं. 'तीन पाण्यांत उकडावा, पहिली दोन पाणी फेकून द्यावीत.' त्याच्या वर लिहिलेलं होतंच, की कंद सोलून मंद आचेवर चांगला उकडावा. मग पुन्हा पाण्याचं पुराण कशाला? उकडल्यावर पाणी काढायचं हे कोणाला कळत नाही? स्वतः आयुष्यात कधी भाताचं आधण ठेवलं नव्हतं, पण मत पक्कं! त्याने प्रतीवर शिसपेन्सिलीने आडवी रेघ मारली, वाक्य गाळलं, आणि एकटी पडलेली ओळ सुळकन वर आली. पान काय देखणं दिसलं म्हणून सांगू. त्याने ते बांधणीच्या दोघींना बोलावून दाखवलंसुद्धा.

पुस्तक निघालं, खपलं, लोकांनी गुरुजींची आठवण काढली. आणि महिन्याभरात शहरातल्या एका नवरा-बायकोने हौसेने बाजारातून काळा कंद आणला, पुस्तक समोर उघडून ठेवलं, लिहिल्याबरहुकूम उकडला, त्याच पाण्यात मीठ-मसाला घातला आणि दोघं वाटीवाटीभर प्याली. ओठ सुजले, घसा आवळला, उलट्या थांबेनात. तीन दिवस दवाखान्यात होती. वाचली, नशीब. वर्तमानपत्रात बातमी आली, पुस्तकाच्या नावासकट.

मालकीणबाई वर्तमानपत्र हातात घेऊनच आल्या. "फुटपट्टी, लावताना काही सुटलं का हो?"

त्याने एकदा बातमी वाचली आणि त्याला सगळं समजलं. अगदी कुठलं वाक्य, कुठल्या पानावरचं, तेही. त्याने वर्तमानपत्राची घडी सावकाश घातली. आणि तोंड? तोंड मात्र पटकन चाललं. "प्रतीत होतं तसंच लावलंय, बाई."

"प्रत काढा बघू."

तो आतल्या खोलीत गेला. कपाटात गठ्ठा होता, गठ्ठ्यात तो कागद होता. गुरुजींचं निळं अक्षर आणि त्यावर याची करडी रेघ. त्याने कागद चौघडी करून बनियनच्या आत सरकवला आणि बाहेर येऊन सांगितलं, की नेमकं तेवढंच पान मिळत नाही, आवराआवरीत रद्दीत गेलं असेल. घरी न्हाणीघराची कडी लावून त्याने त्याचे इतके बारीक तुकडे केले की बोटं दुखली, आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं.

प्रत नाही, गुरुजी नाहीत. मग चूक कोणाची? मालकीणबाईंनी विचार करकरून ठरवलं, की सांगणारीच विसरली असणार. ऐंशीच्या पुढची बाई, चालायचंच. उरलेल्या पुस्तकांत चिकटवायला त्यांनी एक चिठ्ठी लिहिली: 'माहिती सांगणाऱ्या वृद्ध बाईंच्या विस्मरणामुळे काळ्या कंदाची कृती अपुरी राहिली आहे. ती कोणीही करून पाहू नये. क्षमस्व.' ती चिठ्ठी लावली कोणी? यानेच. समास मोजून, चारी बाजूंनी सारखा. 'विस्मरणामुळे' हा शब्द जोडताना त्याच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, पण हात थांबला नाही. माणसाला लाज वाटते म्हणजे तो थांबतोच असं थोडंच आहे!

तीन महिने गेले. तो जेवायला बसायचा आणि उठायचा. बायको विचारायची, "अहो, पोटात काही आहे का? एकदा दाखवून तरी या." पोटात होतंच, पण ते डॉक्टरला दिसण्यातलं नव्हतं.

मग पत्र आलं. कंदआजीच्या मुलाचं, छापखान्याच्या पत्त्यावर. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर वाचलं. 'पुस्तकातली चिठ्ठी वस्तीवर सगळ्यांनी पाहिली. आई म्हणते मी सांगायची विसरले असेन, त्या दोघांची तिच्या वतीने माफी मागा. तिला आता आम्ही चुलीपाशी जाऊ देत नाही. रानातही एकटीला सोडत नाही. गुरुजींचं नाव तिच्यामुळे खराब झालं म्हणून ती रडते.' बांधणीच्या एकीने च्‌ च्‌ केलं. "बिचारी. म्हातारपण वाईटच," ती म्हणाली. फुटपट्टी उठून बाहेरच्या नळावर गेला आणि उगाचच हात धूत उभा राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. निवडलेली भाजी तिने ताटाच्या कडेला सारली. मग म्हणाली, "चूक झाली, ती झाली. पण कागद फाडलात? त्या बाईवर ढकललंत? मी सव्वीस वर्षं लोकांना सांगत आले, आमच्या ह्यांच्या हातून काना-मात्रा इकडची तिकडे होत नाही." आणि ताट उचलून ती आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो मालकीणबाईंसमोर उभा राहिला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. त्यांनी त्याला कामावरून काढलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "खिशातली ती पट्टी काढून ठेवा आधी. बघवत नाही मला." नवी चिठ्ठी निघाली. त्याच्याच शब्दांत: 'सांगणाऱ्या बाईंनी कृती पूर्ण व अचूक सांगितली होती. पानं लावणाऱ्याने एक वाक्य गाळलं. दोष सर्वस्वी त्याचा.' चिठ्ठी जराशी तिरकी छापली गेली. त्याने मोजलीही नाही.

ती चिठ्ठी घेऊन तो वस्तीवर निघाला. बसने फाट्यापर्यंत, पुढे पायी. ही वाट गुरुजींच्या पुस्तकात होती, त्याला तोंडपाठ होती: ओढा ओलांडून डावीकडे, पाऊण तासाची चढण, मग सपाटी. ज्या झाडांची नावं त्याने शंभरदा लावली होती ती दोन्ही बाजूंना उभी होती, आणि या शहाण्याला त्यातलं एकही ओळखता येत नव्हतं. पाऊण तासाच्या चढणीला त्याला दीड तास लागला. सगळी वाट तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. आजी चिडेल, मुलगा अंगावर धावून येईल. येऊ दे. दोन ठेवून दिल्या तरी उभं राहायचं.

मुलगा अंगणात लाकडं फोडत होता. पन्नाशीचा, दणकट. आजी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीत ठेवून. हातांना काही काम नव्हतं. त्याने आपण कोण ते सांगितलं, चिठ्ठी पुढे केली आणि जुळवलेली वाक्यं विसरून भलभलतं बोलत सुटला. ओळ, पान, रेघ, कागद, सगळं.

मुलाने चिठ्ठी वाचली. "छापायला काय लागतं?" तो म्हणाला. "मागे छापलं आई विसरली. आता छापलं नाही विसरली. आम्ही कुठलं खरं मानायचं? गुरुजींच्या हातचा कागद दाखवा. त्यांचं अक्षर मी ओळखतो, इथेच बसून लिहीत होते."

"तो मी फाडला."

"का?"

"भ्यालो. नोकरी जाईल म्हणून नाही, नाव जाईल म्हणून."

मुलाचा चेहरा हळूहळू उतरला. हातातली कुऱ्हाड त्याने भिंतीला लावून ठेवली. असलं काही कोणी उगाच स्वतःबद्दल सांगत नाही, हे त्याला कळलं होतं. "मी तिच्या हातातून भांडं ओढून घेतलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पोरांसमोर. म्हटलं, घरातल्या कोणाचा जीव घेशील." आणि तो आईजवळ जाऊन उकिडवा बसला. "आई, ऐकलंस का? तुझं काही चुकलं नव्हतं. तू बरोबर सांगितलं होतंस."

आजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती हसली. समजूतदार, मोठ्या माणसाचं हसू.

"बस रे बाळा, पाणी पी," ती फुटपट्टीला म्हणाली. "एवढ्या लांबून आलास म्हातारीला बरं वाटावं म्हणून. माझी चूक आपल्या अंगावर घेतोस. चांगल्या आईच्या पोटचा आहेस."

"नाही हो आजी! खरंच सांगतोय. मीच गाळलं. तुमची शपथ."

"शपथा नको घालूस. माझं मला कळतं ना. हल्ली नाही राहत लक्षात. दार लावलं की पुन्हा जाऊन बघते."

"आई, आधी कुठे बघायचीस?" मुलगा म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "हे तीन महिन्यांतलं आहे."

फुटपट्टी तिच्या पायापाशी बसला. आता त्याला एकच सुचत होतं. "आजी, तुम्ही मला सांगा. काळा कंद कसा करायचा? आत्ता सांगा. तुम्हाला येतं."

तिने डोळे बारीक केले. मांडीतले हात उठले, सोलण्याची खूण करू लागले. "सोलायचा. जाड सोलायचा, हाताला तेल लावून. मंद आचेवर ठेवायचा. मग तीन पाणी…" ती थांबली. हात हवेतच राहिले. "तीन ना? की दोन? फेकायचं ते पहिलं, की…" तिने मुलाकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली होती. मग तिने फुटपट्टीकडे पाहिलं. "तूच सांग बाबा. तुम्ही शिकलेली माणसं. पुस्तकात काय दिलंय?"

"तीन पाण्यांत उकडायचा, आजी. पहिली दोन फेकायची."

"पहिली दोन फेकायची," ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. मग जरा ओशाळून तिने त्याच्या खिशाला पट्टीच्या जागी आलेल्या पेनाकडे बोट केलं. "लिहून देतोस का? माझं काही खरं नाही. मी पुन्हा विसरेन."

तिच्याच मुलाने घरातून वहीचा कागद आणून दिला. फुटपट्टीने तो गुडघ्यावर ठेवला आणि मोठ्या अक्षरांत लिहू लागला, आणि आजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, तो किती चांगला माणूस आहे ते मुलाला सांगत राहिली.